बॉयलरचा गॅस बर्नर लॉकआउटला गेला (सुरक्षा यंत्रणेने बंद पाडून अडवला) तर आधी हे वाच

रीसेट दाबत बसू नकोस. एकदा दाब, पर्ज (पंख्याच्या हवेने भट्टीतला उरलेला गॅस बाहेर ढकलणं) पूर्ण होऊ दे. तरी पेटला नाही तर गॅसचा मेन कॉक बंद कर आणि कारण शोध. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात न जळलेला गॅस भट्टीत उतरतो, आणि साठलेला गॅस एकदम पेटला की स्फोट होतो. म्हणूनच पर्जचा टायमर कोणी सांगितलं तरी कमी करायचा नाही.

कारणं बहुधा साधी असतात: ज्योत ओळखणाऱ्या यूव्ही सेन्सरच्या काचेवर काजळी, ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडचं सरकलेलं अंतर, तुंबलेल्या फिल्टरमुळे पडलेला गॅसचा दाब.

सेन्सर नीट चालतो का हे बघायला चालू बर्नरचा सेन्सर काढून मुठीत झाक. साधारण सेकंदाभरात ज्योत विझून लॉकआउट आलाच पाहिजे. मोब्रेचा (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी बघणाऱ्या फ्लोट स्विचचा) ब्लोडाउनही रोज घे, म्हणजे त्यातलं पाणी सोडून बघ; पाणी उतरताना बर्नर ट्रिप (आपोआप बंद) व्हायलाच हवा. ट्रिप झाला नाही तर बॉयलर बंद. वायर जोडून ही ट्रिप बायपास करणं हा गुन्हाच समज.

गळती साबणाच्या पाण्याने बघ, काडीने कधीच नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खड्ड्यात साठतो. ज्योतीच्या रंगावर विसंबू नकोस, अ‍ॅनालायझर लाव: पूर्ण लोडला चिमणीच्या धुरातला ऑक्सिजन ३ टक्क्यांच्या आसपास, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढू लागला तर हवा कमी पडतेय.