रानात ओल, तरी ऊस तहानलेला

प्रश्न (वाळवा तालुका, जि. सांगली): साहेब, नदीकाठच्या काळ्या रानात ऊस आहे. ओल हटत नाही, तरी दुपारी पानं गुंडाळतात, शेंडे करपतात. वरंब्यावर पांढरं मीठ फुटलंय. पाणी वाढवू का युरिया देऊ? दुकानदार जिप्सम टाका म्हणतो.

उत्तर: पाणी वाढवू नका, युरियाही आत्ता नको. आधी घरी एवढं करून बघा. बटाट्याच्या दोन पातळ चकत्या काढा. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी दोन चमचे मीठ विरघळवलेल्या वाटीभर पाण्यात. तासाभरानं पहिली कडक असेल, दुसरी चामड्यासारखी लवेल. दोन्ही पाण्यातच होत्या. दुसरीच्या पेशींतलं पाणी मिठानं बाहेर ओढून घेतलं. तुमच्या उसाच्या मुळांचं दुखणं हेच आहे.

पेशीभोवती पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज ये-जा करतं, क्षारांना तशी मोकळीक नसते. म्हणून ज्या बाजूला क्षार जास्त, तिकडे पाणी सरकतं. याला परासरण म्हणतात. चांगल्या रानात मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, त्यामुळे पाणी आत शिरतं. तुमच्याकडे मातीतलंच पाणी खारट झालंय, मुळाची ओढ कमी पडते. त्यात एकदम खत टाकलं की ते पाणी आणखी दाट होतं.

दुसरी गोष्ट पोटॅशची. ते पडद्यातल्या ठराविक वाटांनी आत जातं, आणि ते खेचायला मुळाला ताकद खर्चावी लागते. ही ताकद मुळाच्या श्वासातून येते. पाणी तुंबलं की हवा संपते, ओढ थांबते. शिवाय सोडियम पोटॅशच्याच वाटेत घुसतो. म्हणूनच खत घालूनही पीक उपाशी दिसतं.

तेव्हा पहिलं काम निचऱ्याचं. कडेनं खोल चर काढा. शेजाऱ्यांशी बोलून पाण्याला पुढे वाट मिळणार असेल तर सच्छिद्र पाईपचा भूमिगत निचरा सर्वांत चांगला. वाट झाल्यावरच गोड पाणी देऊन क्षार खाली धुवायचे. वाट नसताना दिलेलं पाणी क्षार घेऊन पुन्हा वर येतं. यापुढे वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी, अशी स्थिती) बघूनच पाणी द्या, खत थोडं थोडं विभागून द्या, आणि म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, कारण म्युरेटमध्ये क्लोराईड असतं.

जिप्समची घाई नको. ते चोपण, म्हणजे मातीच्या कणांवर सोडियम जास्त चिकटलेल्या, जमिनीचं औषध आहे; त्यातला कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम हटवतो. सामू (pH) 8.5 च्या आत आणि फक्त क्षार जास्त असतील तर जिप्समचा पैसा वाया जाईल. फुटभर खोलीचे नमुने चार-पाच ठिकाणांहून घ्या, वरची पांढरी खपली त्यात येऊ देऊ नका. प्रयोगशाळेत सामू, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) तपासून मागा. ईसी संपृक्त अर्काचा (पाण्यानं पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा) आहे का तेही विचारा: क्षारयुक्त जमिनीची 4 डेसिसायमन प्रति मीटर ही मर्यादा त्याच पद्धतीची आहे, माती जास्त पाण्यात ढवळून काढलेला आकडा त्यापेक्षा कमी येतो. अहवाल घेऊन कार्यालयात या, जिप्सम लागत असेल तर किती ते त्यावरून काढू.