कृष्णवर्णीय उद्योजिकांना मदत केली म्हणून अमेरिकेत फिअरलेस फंडवर खटला का झाला?

मदतीला बंदी नाही. वाद झाला तो करारावरून. अटलांटाचा हा फंड कृष्णवर्णीय स्त्रियांच्या छोट्या व्यवसायांना स्पर्धेतून २० हजार डॉलरचं अनुदान द्यायचा. २०२३ मध्ये वंशावर आधारित सवलतींना विरोध करणारे एडवर्ड ब्लम यांच्या संस्थेने दावा ठोकला: स्पर्धा हा एक करारच आहे, आणि करारात वंशावरून भेदभाव चालत नाही. आधार कोणता, तर १८६६ चा नागरी हक्क कायदा, जो गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांना करार करता यावेत म्हणून झाला होता! याची मला अजूनही चीड येते. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी स्पर्धा रोखली. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली.

तिथल्या व्हेंचर कॅपिटलचा, म्हणजे नव्या व्यवसायांत गुंतवल्या जाणाऱ्या पैशाचा, एक टक्काही या स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही. सुरुवातीचं भांडवल बहुतेकांना घरून मिळतं. पिढ्यान्‌पिढ्या मालमत्ता जमूच दिली नाही, त्या घरांतून ते येणार कुठून? तिथे राहत असाल तर या उद्योजिकांना ऑर्डर द्या, बिल वेळेत चुकतं करा.