संदर्भ जुना म्हणजे बाद का?

निपाणीकडची एक मुलगी, विडी कामगार बायकांवर पीएचडी करणारी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मार्गदर्शकांनी पहिलं प्रकरण परत केलं, वर शेरा होता : "संदर्भ जुने आहेत." तेव्हापासून तिची झोप उडाली. "मॅडम, पाच वर्षांआधीचं सगळं काढलं तर माझ्याकडं काहीच उरत नाही की हो."

ही धास्ती घेऊन बरीच मुलं येतात. सरसकट पाच वर्षांची फूटपट्टी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. या संदर्भाच्या भरवशावर मी कोणतं वाक्य लिहितेय आणि ती गोष्ट मधल्या काळात बदलली असेल का, हे आधी बघावं.

आम्ही तिची यादीच उघडून बसलो. २०११च्या जनगणनेवर तिनं काट मारली होती. पण २०२१ची जनगणना झालीच नाही. म्हणून २०११चीच ठेवायची, फक्त वाक्यात साल लिहायचं. १८८४चं बेळगाव गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, आजच्या मजुरीसाठी निरुपयोगी, पण त्या काळच्या शेतीव्यापारासाठी अस्सल साधन.

खरी अडचण निघाली ती एका ताज्या लेखात. त्यावर तिनं बरोबरची खूण केली होती. हजार विड्यांमागची मजुरी मी मोठ्यानं वाचली, तशी ती पटकन म्हणाली, "आईला याच्यापेक्षा जास्त मिळते की!" मग तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचली. पाहणी कितीतरी वर्षांपूर्वीची होती. पुढं लिहिलं होतं, की कामगार कल्याणनिधीला विडीवरच्या उपकरातून पैसा येतो. निधीचा कायदा १९७६चा, हे खरं. पण जीएसटी आला आणि जुलै २०१७पासून तो उपकरच बंद झाला. छापल्याचं साल नवं, आतली माहिती शिळी. असे संदर्भ जास्त दगा देतात, कारण त्यांच्यावर कुणी शंका घेत नाही.

पुस्तकांचंही तसंच. पहिल्या पानांवर 'पुनर्मुद्रण' असेल तर सहसा मजकूर जुनाच असतो. 'सुधारित आवृत्ती' असेल तर काय सुधारलं ते प्रस्तावनेत शोधावं. कायदा, दर, योजना यांच्याबाबत मूळ सरकारी अधिसूचनाच गाठावी.

प्रत्येक जुन्या संदर्भापुढं तो का ठेवला, हे एका ओळीत लिहून मार्गदर्शकांना दाखव, असं तिला सांगितलं. ती घाबरतच गेली. त्यांनी दोन संदर्भ बदलायला लावले, बाकीचे राहू दिले.