सिझेरियननंतर उठून बसलं की डोकं दुखतं

बहिणीचं सिझेरियन होऊन चार दिवस झालेत, उठून बसली की डोकं ठणकतं, आडवी झाली की थोड्या वेळात उतरतं. आणि घरात मात्र 'हिनं पहिल्याच रात्री उशी घेतली, कान बांधले नाहीत' यावरून बोलणी चालली आहेत, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती बोलणी थांबवा. उशीचा किंवा वाऱ्याचा इथे काहीही संबंध नाही.

मी बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. बसल्यावर चढणारं आणि निजल्यावर उतरणारं डोकं म्हटलं की पहिला संशय मणक्यातल्या भुलीवर. सुई मज्जारज्जूभोवतीच्या आवरणातून आत जाते. ते बारीकसं छिद्र कधीकधी पटकन बुजत नाही, आतलं पाणी झिरपत राहतं आणि दाब कमी होतो. मान धरते, काहींच्या कानाला दडे बसतात. हल्ली 25 ते 27 गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया असतात, म्हणून हे पूर्वीपेक्षा बरंच कमी झालंय. तरी तरुण बायकांना जास्त होतं.

1898 साली ही भूल देऊन ऑपरेशन करणारे जर्मन सर्जन ऑगस्ट बीअर यांनी प्रयोगासाठी स्वतःच्याही पाठीत सुई टोचून घेतली होती. नंतर नऊ दिवस बिचारे अंथरुणात! उठलं की डोकं, निजलं की बरं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा बहिणीनं काही पथ्य मोडलं असं मनातही आणू नका.

बहुतेकींचं आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप थांबतं. तोवर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल, पाणी-पेज, एखादा कप कॉफी, आणि बाळाला कुशीवर निजून पाजणं. सक्तीनं दिवसभर सपाट पाडून ठेवू नका. त्यानं छिद्र लवकर बुजत नाही, उलट पायात गुठळी व्हायची भीती. बाळाला घेऊन बसताच येत नसेल तर प्रसूतीच्या डॉक्टरांबरोबर भूलतज्ज्ञांनाही फोन करा. तिचंच पंधरा-वीस मिली रक्त काढून कमरेत त्या छिद्राजवळ सोडतात, ते गोठून छिद्र बुजतं. पुष्कळ जणी तासाभरात उठून बसतात.

पण ताप, उलट्या, अंधुक दिसणं, झटका (फिट) येणं, हातापायात कमजोरी, वाढलेलं बीपी, किंवा निजूनही न उतरणारं डोकं, यातलं एक जरी असलं तर ही भुलीची डोकेदुखी समजून घरी थांबू नका. बाळंतपणानंतरही बीपी चढतं, मेंदूच्या शिरेत गुठळी होते. रात्र असली तरी निघा, आणि भूल कुठली दिली होती ते लिहिलेला डिस्चार्ज कागद सोबत घ्या.