आजोबांचं ओमेगा: तबकडी मूळची का?

प्रश्न: आजोबांच्या ओमेगा मनगटी घड्याळाच्या मशीनवर ८१ लाखांच्या घरातला क्रमांक आहे, तबकडीच्या तळाशी ‘टी स्विस मेड टी’. घड्याळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचं का?

उत्तर: मशीन नक्कीच. ओमेगाच्या मशीनचे क्रमांक चढत जातात; एक कोटीचा आकडा १९४४ मध्ये गाठला. तुमचं त्याच्या बरंच आधीचं. केसवरचा, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचावरचा, क्रमांक वेगळा असेल, त्याने बिचकू नका. तबकडी मात्र नंतरची: ‘टी’ म्हणजे ट्रिटियम, अंधारात चमकणाऱ्या लेपातला किरणोत्सर्गी पदार्थ; ते १९६०च्या दशकापासूनचं. दहापट भिंगातून पाहा. अक्षरांच्या कडा फुटलेल्या, मिनिटांच्या रेघा असमान दिसल्या, तर ती पुन्हा रंगवलेली. मुंबईच्या बाजारात असली चकचकीत कामं पुष्कळ; आम्ही डागाळलेली मूळ तबकडीच पसंत करू. काट्यांवरचा तपकिरी लेप खरवडू नका. तो रेडियम असू शकतो. चमक विझली तरी किरणोत्सर्ग राहतो आणि धूळ श्वासात जाते.