अपडेटेड-बाय कॉलमवर भागत नाही भाऊ, फेरफार वेगळाच ठेवा

भाऊ, तुम्ही विचारलंय की मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात अपडेटेड-बाय (शेवटचा बदल कोणी केला) आणि अपडेटेड-ॲट (कधी केला) असे दोन कॉलम आहेत, तेवढ्यावर कोणी काय बदललं ते कळेल का, की वेगळा हिस्ट्री टेबल लागेल. लागेलच. मी हेच दोन कॉलम टाकून जळगावकडच्या कापसाच्या एका जिनिंगला सॉफ्टवेअर दिलं होतं, सीझनमधे एक शेतकरी काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, घेऊन आला, पट्टीवर कापसाचा दर 7100 आणि कॉम्प्युटरात 6900, रेकॉर्ड उघडलं तर नाव निघालं मुनीमजींचं. त्यांनी संध्याकाळी फक्त गाडीचा नंबर दुरुस्त केला होता हो! कापसाचा दर तर दुपारीच कोणीतरी बदललेला, पण त्याचं नाव मुनीमजींच्या नावाखाली गेलं. सगळ्यांसमोर त्यांना ऐकून घ्यावं लागलं, ते मला आजही लागतं.

आपला सातबारा कसा असतो बघा. त्यावर आजचं नाव, जुन्याला कंस, आणि नाव वारसाने बदललं की खरेदीने ते गाव नमुना 6 मधे, म्हणजे फेरफारात, नंबर-तारखेसकट. तुमचा मूळ टेबल म्हणजे सातबारा समजा आणि शेजारी एक फेरफार टेबल करा, त्यात टेबलाचं नाव, रेकॉर्ड आयडी, जुनी ओळ आणि नवी ओळ जेसनमधे (सगळे कॉलम एकाच मजकुरात मांडायची पद्धत), कोणी, कधी, आणि कारण.

हे भरायचं काम ॲपच्या पीएचपी कोडवर सोडू नका, ट्रिगर लावा, म्हणजे ओळ बदलली की डेटाबेस स्वतःच चालवतो तो कोड, कारण कोणीतरी पीएचपीमायॲडमिन (डेटाबेस थेट उघडायचं टूल) उघडून थेट बदल करतोच. आता खरी गोची इथे आहे, ॲप डेटाबेसला एकाच युजरने जोडलेलं असतं म्हणून ट्रिगरला माणूस दिसत नाही, सगळीकडे तेच एक नाव पडतं. त्यासाठी कनेक्शन घेतल्याबरोबर लॉगिन केलेल्याचा आयडी सेशन व्हेरिएबलमधे (त्या कनेक्शनपुरती डेटाबेस लक्षात ठेवतो ती किंमत) टाका आणि ट्रिगरमधे तो वाचा. कनेक्शन परत वापरली जात असतील तर दर रिक्वेस्टला तो नव्याने सेट करा, नाहीतर आधीच्या माणसाचं नाव चिकटेल आणि परत एखादे मुनीमजी अडकतील. व्हेरिएबल रिकामा असला तर डेटाबेसचं USER() हे फंक्शन घ्या, ते जोडलेल्या युजरचं नाव देतं, CURRENT_USER() नको, ट्रिगरमधे ते ट्रिगर बनवणाऱ्याचं नाव देतं.

ट्रिगर हा तो बनवणाऱ्याच्या हक्काने चालतो, त्यामुळे ॲपच्या युजरला फेरफार टेबलावर बदलायचे-पुसायचे हक्क अजिबात देऊ नका. आणि फॉरेन कीच्या कॅस्केडने, म्हणजे मुख्य ओळ पुसल्यावर तिला जोडलेल्या म्हणून आपोआप, उडालेल्या ओळींना मायएसक्यूएलमधे (8.4 पर्यंत तरी) ट्रिगर लागत नाही, अख्खं टेबल रिकामं करणाऱ्या ट्रंकेटलाही नाही, तिथे सांभाळा.

मायएसक्यूएलऐवजी तिचीच बहीण मारियाडीबी असेल तर 10.3 पासून सिस्टम व्हर्जनिंग आहे, म्हणजे जुन्या ओळी डेटाबेसच जपून ठेवतो, अमुक तारखेला रेकॉर्ड कसं होतं ते सरळ विचारता येतं. पण कोणी बदललं ते ही सोय आपणहून ठेवत नाही, अपडेटेड-बाय कॉलम असला तर जुन्या ओळीसोबत तो राहतो, डिलीट करणाऱ्याचं नाव मात्र निसटतं. म्हणून आधी त्याचं नाव टाकून अपडेट आणि मग डिलीट.

गिऱ्हाईक कंपनी असेल आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधे हिशोब लिहिला जात असेल तर 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉग, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, कायद्याने लागतो आणि तो बंद करता येता कामा नये, हे त्यांच्या सीएशी बोलून घ्या. आणि भाऊ, दर आणि वजन या दोन कॉलमना कारण लिहिल्याशिवाय सेव्हच होऊ देऊ नका.