‘बहुसंख्य लोक ऐकत नाहीत’ असं नोटिशीवर लिहू नका

ताई, सोसायटीत शंभरेक घरं, पोस्टर लावून झाली, ग्रुपवर मेसेज टाकून झाले, तरी ओला-सुका कचरा एकत्रच येतो, तर आता दंड लावावा का, असं तुम्ही विचारलंय. दंडाकडे नंतर येते. तुम्ही दिलेल्या नोटिशीतलं पहिलंच वाक्य आहे, ‘वारंवार सांगूनही बहुसंख्य सभासद कचरा वेगळा करत नाहीत.’ आधी ते काढून टाका.

लोकांना लाज वाटावी म्हणून तुम्ही ते लिहिलंत. पण वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की इथे कुणीच करत नाही, मग मीच का करू? अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे लाकडाचे दगड झालेले तुकडे पर्यटक खिशात घालून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाटांवर खूण केलेले तुकडे ठेवले आणि पाट्या बदलून पाहिल्या. ‘आधीच्या अनेक पर्यटकांनी तुकडे नेले, त्यामुळे जंगल बदललं’ या आशयाची पाटी होती तेव्हा जवळपास ८ टक्के तुकडे गायब झाले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ असं साधं सांगितलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी.

शेजारी काय करतात याचा जोर आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठा असतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमध्ये संशोधकांनी सुमारे ३०० घरांच्या दारांवर चिठ्ठ्या अडकवल्या होत्या: तुमचा वीजवापर इतका, शेजाऱ्यांचा सरासरी इतका. जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. पण आधीच काटकसर करणाऱ्यांनी वाढवला! त्यांच्या चिठ्ठीवर नुसता एक हसरा चेहरा काढल्यावर ती वाढ थांबली. म्हणून तुमच्याकडे जी घरं नीट करतात त्यांना गृहीत धरू नका, त्यांचं कौतुक त्यांच्यापर्यंत पोचू द्या. आणि ‘तुम्ही कशामुळे कराल?’ असा फॉर्म भरून घेण्यात वेळ घालवू नका. त्याच संशोधकांच्या गटाने लोकांना वीज वाचवण्याचं कारण विचारलं, तेव्हा शेजाऱ्यांचा क्रमांक सगळ्यात खाली आला. प्रत्यक्ष वापराशी सगळ्यात घट्ट नातं मात्र शेजाऱ्यांच्या वागण्याचंच निघालं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे खरंच थोडेच लोक करतात, मग लिहायचं काय? खोटं तर अजिबात लिहू नका, शेजारीपाजारी असली थाप दोन दिवसांत उघडी पडते. वाढ सांगा. स्टॅनफर्डच्या दोन संशोधकांनी कॅफेच्या रांगेतल्या काही लोकांना सांगितलं की अलीकडे ३० टक्के लोकांनी मांस कमी खायला सुरुवात केली आहे. ‘३० टक्के लोक कमी खातात’ एवढंच ऐकलेल्यांपैकी १७ टक्क्यांनी बिनमांसाचं जेवण मागवलं, ‘सुरुवात केली आहे’ हे ऐकलेल्यांपैकी ३४ टक्क्यांनी. तेव्हा ‘बी विंगमध्ये या महिन्यात आणखी सात घरांनी सुरुवात केली’ असं लिहा, पण आकडा खरा हवा.

तो आकडा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना कुणापेक्षाही जास्त माहीत असतो. त्यांच्याकडून रोजची नोंद घ्या, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्या. डायपर आणि ब्लेडमध्ये हात घालून आपला कचरा त्याच निवडतात. हे सगळं मुळात त्यांच्यासाठी करायचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

इच्छा असूनही होत नाही अशीही बरीच घरं असतात. तिथे सोय बघा. व्हँकुव्हरमध्ये उंच इमारतींत ओल्या कचऱ्याचे डबे तळमजल्याऐवजी प्रत्येक मजल्यावर ठेवल्यावर वेगळा होणारा कचरा खूपच वाढला. तुमच्या लिफ्टजवळ जागा आहे का बघा, आणि झाकणं घट्ट बसणारी घ्या, नाहीतर वासाची तक्रार येऊन आठवड्यात डबे परत खाली जातील. नवे भाडेकरू आले की किल्लीबरोबरच दोन बादल्या हातात द्या. घर बदलल्यावरच्या पहिल्या काही महिन्यांत माणसाच्या सवयी मोकळ्या असतात, तेव्हा नवं सहज रुजतं.

आता दंड. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारे जवळपास दुप्पट झाले. आधी शिक्षिकेला ताटकळत ठेवायचा संकोच वाटायचा, आता पैसे भरले की झालं. दंड काढून टाकल्यावरही ते पालक पूर्वीसारखे वेळेवर येईनात. दंड कधीच चालत नाही असं माझं म्हणणं नाही, मोठा आणि नक्की वसूल होणारा दंड चालतो. पण सोसायटीचा दंड बहुतेकदा लहान असतो, आणि तो मागायला शेजाऱ्याच्याच दारात उभं राहावं लागतं.

त्यामुळे दंडाचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत मागे ठेवा. आधी महिनाभर काहीही न बदलता दोन्ही विंगची नोंद घ्या, मग फक्त बी विंगमध्ये नोटीस आणि डबे बदला. सभेत दोन्ही विंगचे आकडे शेजारी-शेजारी मांडता येतील.